ढोलवाल्याची पाठ

लालबाग, ९ जून २०२४

ती. विजयकर काकांस,
सा. न.

मी नील घाडी. खेळण्यातले जुने शिपाई जमवणाऱ्या आपल्या मंडळातला सगळ्यात लहान, शेवटच्या खुर्चीवर बसणारा. तुम्ही दादरला येणं बंद केल्यापासून आपली भेट नाही. आता बैठकीला कोणी कोणाला ओरडत नाही. गुडघे कसे आहेत?

मंडळातल्या दीपकच्या हाती एक डबी पाठवतोय. तिच्यात माझ्या बँडमधला ढोलवाला आहे. कपाट सरकवताना पडला आणि उजवा हात खांद्यातून तुटला. हात डबीतच आहे, कापसात. मंडळात सगळे म्हणाले, शिशाचा हात जोडावा तर विजयकरांनीच. दीपक म्हणाला, "फेविक्विक लावशील तर काका तुझाच हात उपटतील." म्हणून मी काही लावलेलं नाही.

फक्त हात बसवून द्या. रंगाचे कष्ट घेऊ नका. तुमच्या डोळ्यांना त्रास होतो असं ऐकलंय. रंग आहे तसाच राहू दे.

शिपाई एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याच्याबरोबर त्याचा कागद जातो, हा मंडळाचा नियम. तो खाली लिहितो.

ढोलवाला. शिशाचा, आतून पोकळ. बाराजणांच्या बँडमधला एक. चोरबाजारात घेतला, मी आठ वर्षांचा असताना.
रंग: घेतला तेव्हापासून असाच.
दुरुस्ती: नाही.

आपला,
नील घाडी

---

ठाकूरद्वार, १७ जून

चि. नीलला अनेक आशीर्वाद.

ढोलवाला पोचला. दीपकही पोचला, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना त्याची अवस्था ढोलवाल्यापेक्षा वाईट झाली होती. त्याला पाणी दिलं, ढोलवाल्याला खिडकीत उभा केला.

गुडघे कसे आहेत विचारतोस. आहेत. ते असल्याचं दिवसभर सांगत असतात.

तुझा बँड मला चांगला आठवतो. पहिल्या बैठकीला तू बुटांच्या खोक्यातून बारा राखाडी माणसं काढून टेबलावर मांडलीस आणि सगळे हसले. कोणीतरी त्यांना 'बोटीची पिल्लं' म्हणालं. ते मीच असेन. चेहऱ्याला राखाडी, डगल्याला राखाडी, ढोलाला राखाडी. चाळीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, पण इतका निर्विकार रंगारी पाहिला नाही. हा रंग बोटीचा आहे. नखाने खरवडला तर नखच तुटतं. ज्याने कोणी हा थापला त्याला शिपाई आणि नांगर यांतला फरक माहीत नसावा. कोण होता हा? विकणाऱ्याला विचारलं होतंस का?

हात जोडता येईल. खांद्यात तार घालावी लागेल. सध्या भेटायला येऊ नकोस. काम सुरू झालं की मी दार उघडत नाही, दूधवाल्यालाही नाही.

तुझा,
गंगाधर विजयकर

---

लालबाग, २४ जून

ती. विजयकर काकांस,
सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंत म्हणून खरं लिहितो. माझ्या कागदावरची एक ओळ खोटी आहे. रंग घेतला तेव्हापासूनचा नाही. तो माझ्या बाबांनी दिलाय.

बाबांचं नाव शिवा घाडी. ते माझगावला गोदीत रंगारी होते. दोरांना टांगलेल्या फळीवर बसून बोटींच्या बाजू रंगवायचे. चोरबाजारात त्यांना हा बँड दिसला आणि माझ्यासाठी आणला. तेव्हा शिपायांवर रंग जवळजवळ नव्हताच, नुसतं शिसं. मी दिवसभर ते हातात घेऊन बसायचो आणि त्याच हातांनी जेवायचो. गोदीत त्यांना कोणीतरी सांगितलं की शिसं हाताला लागतं, पोटात जातं, पोरांचं डोकं बिघडतं. दुसऱ्या दिवशी ते डब्याच्या तळाशी उरलेला बोटीचा रंग घेऊन आले. मी रडलो. मला लाल डगलेवाले हवे होते. ते म्हणाले, "झिला, शिसा आसा ता. हाताक लागात." मग गॅलरीत बसून त्यांनी बाराच्या बारा रंगवले. वाळू दिले. परत रंगवले. खारं पाणी ज्याच्यातून आत जात नाही त्याच्यातून शिसंही बाहेर येणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

ढोलवाला शेवटचा. तो त्यांनी चिमटीत धरला होता आणि आईने जेवायला हाक मारली. ठेवताना त्यांचा अंगठा पाठीवर उमटला. जेवून आले तोवर रंग धरला होता. म्हणाले, ह्याची पाठ तेवढी बिघडली.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. छातीचं होतं. घरात त्यांच्या वस्तू पुष्कळ आहेत, शर्ट, डबा, चपला. पण त्यांचा हात असा फक्त तिथे आहे. रेषासुद्धा दिसतात. आई केर काढताना ढोलवाला उचलते आणि त्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवते. मी बघतोय हे तिला माहीत नाही.

मंडळात सगळे हसले तेव्हा मी पटकन म्हणालो, घेतले तेव्हाच असे होते. वडील काय करतात विचारलं, तर कंपनीत आहेत म्हणालो. तेव्हा ते होते. घरी आलो तर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले तुझे साहेब लोक?" मी म्हटलं, आवडले सगळ्यांना. ते खूश झाले. म्हणाले, "रंग बघलास मा? दहा वर्षां जावक नाय."

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. एवढंच की तार घालताना पाठ जपा. बाकी कुठे रंग उडाला तरी चालेल.

आपला,
नील

---

ठाकूरद्वार, १९ जुलै

चि. नीलला अनेक आशीर्वाद.

दीपकबरोबर डबी पाठवतोय. आधी ती उघड, मग हे वाच.

उघडलीस?

तू रंगाचे कष्ट घेऊ नका म्हणालास. आमच्याकडे पाहुणा चहा नको म्हणतो तेव्हा आत आधण ठेवलेलं असतं. लालबागचा पोरगा, नवी नोकरी, मोठ्या माणसाकडे रंग कसा मागायचा म्हणून संकोचलास, हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं, पण तुला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी चार वेळा नको म्हणाला असतास.

माझ्या डोळ्यांचं तू ऐकलंयस ते अर्धंच आहे. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, त्याच्या बाजूचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, ब्रश विसरा. वर्षभर विसरलो होतो. तुझा ढोलवाला खिडकीत उभा केला आणि वाटलं, एकदा करून बघू. बाजूला बघत बघत रंगवायचं. ढोल रंगवायचा तर टोपीकडे बघायचं. सकाळी वाडीतल्या देवळाच्या कळसावरून ऊन आत येतं तेवढा वेळ काम, मग डोळे मिटून पडायचं.

तो राखाडी उतरता उतरेना. दोन जाड थर. जो कोण होता त्याने मन लावून थापला होता, हे मान्य. रोज औषध लावायचं आणि काडीने थोडं थोडं काढायचं. पाठीवर तर त्या गाढवाचा अंगठा होता. भिंगातून रेषा मोजता आल्या असत्या. ओल्या रंगाला हात लावतो तो रंगारी कसला! माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. तिथला रंग सगळ्यात हट्टी निघाला, पण शेवटी सुटला. आणि मग पट्ट्याच्या खाचेत मला लाल रंगाचा एक कण सापडला. खरा, पहिला. त्यावरून डगल्याचा लाल जुळवला. पट्टे पांढरे, ढोलाची कडी निळी.

हात जोडलाय, पण हात कोणीही जोडेल. तू पाठ बघ. माझ्या आयुष्यात इतकी सपाट पाठ मी रंगवलेली नाही. ब्रश कुठून कुठे गेला ते सांगता येणार नाही.

काम चालू असताना मी पोस्ट उघडत नाही. डोळ्यांचं रेशन आहे, ते कागदावर घालवायचं नाही. आलेली पत्रं पितळी परातीत पडून राहतात. त्यात तुझंही एक जाडजूड आलंय. पाकिटावरचं अक्षर ओळखलं. आता महिनाअखेर माझी भाची कालिंदी पुण्याहून येईल, तिच्याकडून सगळी वाचून घेईन.

कागद:

ढोलवाला. शिशाचा, पोकळ. बारातला एक.
रंग: गंगाधर विजयकर.
आधीचा रंग: अज्ञात इसमाचा, उतरवला.
दुरुस्ती: उजवा हात.

तुझा,
गंगाधर विजयकर

---

लालबाग, २० जुलै

ती. विजयकर काकांस,
सा. न.

दीपक बसलाय. आई त्याला चहा करतेय. त्याच्याच हाती हे देतो, म्हणून थोडक्यात.

ढोलवाला फार सुंदर झालाय. असं काम मंडळात कोणाकडे नाही. दीपक म्हणतो, काकांचे डोळे गेले म्हणणाऱ्याचे डोळे तपासायला हवेत. आईनेही बघितला. हातात घेऊन बराच वेळ उलटा करून पाठ बघत होती. मग मला म्हणाली, "हो आपलो नाय." मी तिला सांगितलं, आपलाच आहे, काकांनी नवा केलाय.

एक विनंती आहे. परातीतलं माझं पत्र उघडू नका. कालिंदीताईंनाही वाचायला देऊ नका. त्यात विशेष काही नाही. नोकरीचं रडगाणं आहे. रागात लिहिलं आणि टाकलं. आता तुम्ही वाचलंत तर मला तुमच्यासमोर उभं राहता येणार नाही. हे मी संकोचाने म्हणत नाहीये. खरंच उघडू नका.

डोळ्यांना विश्रांती द्या.

आपला,
नील

---

ठाकूरद्वार, ४ ऑगस्ट

चि. नीलला अनेक आशीर्वाद.

हे पत्र कालिंदी लिहितेय, मी सांगतोय. ती म्हणते, मी फार भरभर सांगतो.

तुझं पत्र उघडलेलं नाही. एकदा तू नको म्हणालास आणि मी ऐकलं नाही, ते बरंच झालं. पण पत्राचं वेगळं आहे. तरुण माणूस रागात लिहितो आणि सकाळी त्याला त्याची लाज वाटते. मीही अशी पत्रं लिहिलीत. ती ज्यांनी उघडली त्यांच्याशी माझं पुढे जमलं नाही. तुझं परातीत आहे, कालिंदीने हात लावलेला नाही.

तुझ्या आईने पाठ बघितली हे वाचून घेतलं तेव्हा मी कालिंदीला ती ओळ परत वाचायला लावली. लोक चेहरा बघतात. पाठ उलटून बघणारा माणूस विरळा. ब्रशचे फराटे शोधत असतील. त्यांना सांग, सापडायचे नाहीत. आणि 'आपला नाही' म्हणाल्या, यापेक्षा मोठी शाबासकी मला मंडळाने दिलेली नाही.

आता कामाचं. डिसेंबरात दादरला मंडळाचं प्रदर्शन आहे. मधल्या टेबलावर दर वेळी कोणा ना कोणा मोठ्या माणसाचं काहीतरी असतं. या वेळी तुझा बँड असेल. बाराच्या बारा, लाल डगल्यांत. उरलेले अकरा मला दे. डॉक्टर म्हणतात, डाग पसरतोय, वर्षभर काय ते दिसेल. मला वर्ष नको, चार महिने पुरे. सकाळी उठायला काहीतरी लागतं रे. गेलं वर्ष मी उठून काय करायचं म्हणून पडून राहत होतो. आता पाच वाजल्यापासून कळसाकडे बघत बसतो.

दीपक पुढच्या रविवारी येईल. अकराही जण कापसात गुंडाळून ठेव. आणि या वेळी नको म्हणू नकोस. तुझं नको आता मला कळतं.

तुझा,
गंगाधर विजयकर

(काका, म्हणजे माझे मामा, गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच नीट जेवताहेत. तुझे आभार मानायचे होते. कालिंदी)

---

लालबाग, ८ ऑगस्ट

ती. विजयकर काकांस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. कालिंदीताईंची ओळही वाचली. उत्तर लिहायला चार कागद फाडले.

दीपकला पाठवू नका. ते अकरा जण आता माझ्याकडे नाहीत. मी विकले. कोणाला ते विचारू नका, मंडळातलं कोणी नाही. बाहेरगावी गेले, परत मिळणार नाहीत.

तुम्ही ढोलवाल्यावर इतकं केलंत आणि मी असं केलं. मला बोला. पण ब्रश सोडू नका. मंडळात कितीतरी जणांकडे मोडलेले शिपाई पडून आहेत. रंग उडालेले, ज्यांचं कोणी नाही असे. दीपककडेच खोकंभर आहेत. तो तुम्हाला विचारायला घाबरतो. मी त्याच्याशी बोलतो.

आपला,
नील

---

ठाकूरद्वार, १९ ऑगस्ट

श्री. नील घाडी यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहितोय. ओळी वाकड्या गेल्या असतील.

मंडळ सुरू होऊन एकतीस वर्षं झाली. या काळात लोकांनी उधार नेलेले शिपाई परत दिले नाहीत, नकली माल खरा म्हणून दाखवला, एकमेकांशी बोलणं टाकलं. ते सगळं आम्ही पोटात घातलं. बँड मात्र कोणी फोडला नव्हता. शंभर वर्षं बाराजण एकत्र राहिले. आगबोटीतून आले, चोरबाजारात पडले, कोणा अडाण्याच्या हाती लागले, त्याने त्यांना राखाडी फासलं. पण त्यानेसुद्धा त्यांना एकत्र ठेवलं होतं. ते तुम्हाला जमलं नाही.

नड होती तर सांगायचं होतंत. मी पैसेवाला नाही, पण दार उघडलं असतं.

मंडळाला मी काही कळवलेलं नाही. तुम्ही स्वतःच यायचं थांबवावं हे बरं.

तुमचं पत्र सोबत परत करतोय. उघडलेलं नाही. उघडायचं नाही असा शब्द होता, तो मी पाळला आहे.

आणखी एक. ढोलवाला आता एकटाच तुमच्याकडे राहून काय करणार? अकरा गेले तसा तोही एक दिवस जाईल. तो मला द्यावा. जी किंमत असेल ती दीपकबरोबर पाठवीन. माझ्या हातून आता दुसरं काही होईल असं वाटत नाही, निदान हा तरी डोळ्यांसमोर असावा. मधोमध दिसला नाही तरी बाजूने दिसेल.

दीपकच्या खोक्याला मी नाही म्हटलेलं नाही.

गंगाधर विजयकर

---

लालबाग, २५ ऑगस्ट

ती. विजयकर काकांस,
सा. न.

पत्र परत मिळालं. शब्द पाळल्याबद्दल आभार.

ढोलवाला पाठवतोय. किंमत नको. मंडळात मी येणार नाही.

डबीत ठेवण्याआधी आईने त्याला एकदा हातात घेतलं होतं. पाठीवर अंगठ्याचा डाग दिसला तर तो तिचा आहे. मऊ फडक्याने पुसलात की जाईल.

दीपक पुढच्या वेळी त्याचं खोकं आणेल. त्यात एक घोडेस्वार आहे, त्याचा घोडा तीन पायांचा आहे. दीपक म्हणतो, काका बघून शिव्या देतील. मी त्याला म्हटलं, तेवढ्यासाठीच ने.

गुडघ्यांना जपा.

कागद नियमाप्रमाणे:

ढोलवाला. शिशाचा, पोकळ. एकटा.
दुरुस्ती: उजवा हात, गंगाधर विजयकर.
रंग: गंगाधर विजयकर.
आधीचा रंग: कोणाचा, माहीत नाही.

देणाऱ्याचं पूर्ण नाव: नील शिवा घाडी